एक अश्वशक्तीची घरघंटी: पुण्यातल्या फ्लॅटमधलं दळण

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली ती नेमकी वर्षाचं धान्य भरायच्या तोंडावर. पिठाच्या गिरण्या अत्यावश्यक सेवेत होत्या, त्यामुळे कागदोपत्री त्या बंद नव्हत्या. पण पेठांमधले रस्ते सील झाले, दुकानांना ठरावीक तास मिळाले आणि डबा ठेवून 'संध्याकाळी नेतो' म्हणायची सोय संपली. पुढे पुण्यात १४ ते २३ जुलै २०२० या दहा दिवसांच्या कडक टाळेबंदीत पहिले पाच दिवस दूध-औषधं सोडून किराणाही मिळत नव्हता. धान्याची कोठी भरलेली आणि पिठाचा डबा रिकामा, अशी अडचण झाल्यावर कित्येक घरांनी घरघंटीची चौकशी सुरू केली. हे परीक्षण त्या यंत्राचं आहे: एक अश्वशक्तीची मोटर, लाकडी किंवा लॅमिनेटचं कपाट, आत स्टीलचा दळणकक्ष आणि खाली पिठाचा डबा. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी आतली रचना जवळपास एकच असते, म्हणून एका कंपनीचं नाव घेऊन लिहिण्यात फारसा अर्थ नाही.

मत आधीच सांगतो. घरात भाकरी होत असेल, निरनिराळी पिठं लागत असतील, तर हे यंत्र आपली जागा कमावतं. फक्त पोळ्यांच्या गव्हासाठी घेऊ नका. पैसे वाचतील म्हणून तर मुळीच घेऊ नका. चार माणसांच्या घरात महिन्याला पंधरा किलो दळण धरा. ताशी सहा किलोच्या हिशेबाने अडीच तास मोटर चालते आणि साधारण अडीच युनिट वीज जाते. युनिट दहा रुपयांनी धरलं तर पंचवीस रुपये. गिरणीत किलोला सहा रुपये धरले तर नव्वद रुपये. महिन्याला वाचले पासष्ट. अठरा हजारांचं यंत्र या वेगाने फिटायला वीस वर्षांच्या वर लागतील. या यंत्राची खरी कमाई म्हणजे एका वेळी पाव किलो, अर्धा किलो पीठ दळता येणं. गिरणीवाला अर्धा किलो ज्वारी दळून देत नाही, आणि दिली तरी आधीच्या माणसाचं पीठ त्यात येतं.

आत दगड नसतात, हे अनेकांना घरी आणल्यावर कळतं. मोटरच्या दांड्यावर स्टीलची पाती असलेली चकती बसवलेली असते. ती मिनिटाला सुमारे अठ्ठावीसशे फेरे घेते. वरच्या टाकीतून दाणा कक्षात पडतो, पात्यांवर आपटून फुटतो आणि भोवतीच्या जाळीच्या छिद्रातून जाईल इतका बारीक होईपर्यंत आतच फिरत राहतो. ही चकती पंख्याचंही काम करते. पीठ वाऱ्याबरोबर खालच्या डब्यात ढकललं जातं, पीठ डब्यात राहतं आणि हवा कापडी फिल्टरमधून बाहेर पडते. हवेचा हा रस्ता नीट समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी तिथे सुरू होतात. फिल्टरचं कापड पिठाने बुजलं की हवा अडते, हवा अडली की पीठ खाली उतरत नाही, कक्षातच घुसळत राहतं आणि गरम होतं. मग लोक मोटरला दोष देतात. कापड डब्याच्या काठावर नीट बसलं नसेल तर उलटा प्रकार होतो: यंत्र ठेवलेल्या सगळ्या ड्राय बाल्कनीवर (स्वयंपाकघरालगतच्या धुण्याभांड्यांच्या जागेत) पाच मिनिटांत पिठाचा थर.

यंत्राबरोबर पाच-सात जाळ्या मिळतात. क्रमांक कंपनीगणिक थोडे बदलतात, पण सर्वांत बारीक जाळी बहुधा शून्य क्रमांकाची. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळाची पिठी सगळं हिच्यावरच. तिच्या वरची एक-दोन लाडवाच्या रवाळ बेसनासाठी, ढोकळ्याच्या भरडीसाठी. मोठ्या छिद्रांच्या जाळ्या इडली रवा, लापशी आणि दलियाला. लापशी काढताना एक गोष्ट धरून चाला: दाणा फुटताना पीठही होतंच. दळून झाल्यावर मैद्याच्या चाळणीने चाळा, खाली पडलेलं पीठ कणकेत घाला. जाळीतून थेट एकसारखा रवा येत नाही.

आता ज्वारी, कारण याच धान्यासाठी घरघंटी घ्यावी. ज्वारीत गव्हासारखा ग्लुटेन, म्हणजे पीठ धरून ठेवणारं प्रथिन, नसतो, त्यामुळे भाकरी जमते ती ताज्या पिठावर आणि पाण्याच्या तापमानावर. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. थापताना कडा चिरतात, परातीतून उचलली की भाकरी तुटते, मग उकड काढून कसंबसं भागवावं लागतं. टाळेबंदीत पाकिटातलं ज्वारीचं पीठ आणलेल्या घरांत भाकऱ्या बिघडायचं मुख्य कारण हेच होतं. थापणाऱ्या हाताचा त्यात काही दोष नव्हता. मालदांडी ज्वारी घ्या, सुपात पाखडा, खडे आणि काळे दाणे काढा. टाकीत टाकायच्या आधी यंत्र रिकामं सुरू करा, मोटरने वेग घेतला की मगच दाणा सोडायची पट्टी अर्धी उघडा. सुरुवातीला आवाज मोकळा असतो. दाणा पडू लागला की तो जड होतो आणि तसाच एकसारखा राहायला हवा. आवाज खाली खाली बसत चालला तर दाणा जास्त पडतोय, पट्टी थोडी आवळा. अर्धा किलो ज्वारीला पाच-सहा मिनिटं लागतात. पीठ हाताला गरम लागेल. अंगठा आणि तर्जनीत चिमूटभर चोळून पाहा: कण न टोचता सरकलं पाहिजे. ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. गरम पिठावर झाकण लावलं की आत घाम धरतो, गाठी होतात आणि पावसाळ्यात चार दिवसांत कुबट वास येतो. ज्वारी आठवड्याला पुरेल इतकीच दळा. बाजरी त्याहून कमी, तीन-चार दिवसांची. तिच्यात स्निग्धांश जास्त असतो, दळल्यावर हवा लागली की पीठ लवकर कडवट होतं.

गव्हाच्या बाबतीत गिरणीचा दगड अजूनही सरस आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. दोन दगडांमध्ये दाणा चिरडला आणि घासला जातो, त्यातला स्टार्च जास्त फुटतो. असं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून पोळी संध्याकाळपर्यंत मऊ राहते. घरघंटीत दाणा आपटून फुटतो, कोंड्याचे कण जरा मोठे राहतात आणि त्याच मापाच्या पाण्यात कणीक आधी सैल, मग थोड्या वेळाने घट्ट लागते. उपाय सोपा आहे. कणीक नेहमीपेक्षा किंचित सैल भिजवा, अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा, मग चमचाभर पाण्याचा हात लावून पुन्हा तिंबा. कोंडा भिजला की फरक बराचसा भरून निघतो. लोकवन गव्हावर हे चांगलं जमतं. खपली गहू असेल तर मुरवायला आणखी पंधरा मिनिटं द्या.

सर्वांत जास्त बिघाड ओल्या धान्याने होतो. २०२० मध्ये बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची सवय लागली आणि त्यात गहू-तांदूळही धुतले गेले. धुवायला हरकत नाही, पण फ्लॅटमध्ये ऊन खिडकीतून दोन तास येतं, आणि वरून कोरडा दिसणारा दाणा आत ओला असतो. दाणा दाताखाली धरून पाहा. कट्ट आवाज होऊन तुटला तर कोरडा. दबला, चपटा झाला तर अजून एक दिवस पंख्याखाली पसरा. ओलसर दाणा घातला तर काय होतं, तेही ओळखून ठेवा. आधी पिठाचा ओघ मंदावतो, मग मोटरचा आवाज जड होतो, मग करपल्यासारखा वास येतो. यंत्र बंद करून जाळी काढलीत तर आतल्या बाजूला पिठाचा कागदासारखा थर चिकटलेला दिसेल, छिद्रं पार बुजलेली. अशा वेळी जाळी पाण्याखाली धरू नका, पिठाची खळ होऊन ती छिद्रांत वाळते. जाळी तासभर उन्हात किंवा पंख्याखाली ठेवा, थर खडखडीत वाळला की ताठ केसांच्या ब्रशने बाहेरून आत झटका. सुई किंवा टाचणी घालून छिद्र मोकळं करायला जाऊ नका. पातळ पत्रा आहे, छिद्र मोठं होतं आणि पुढे प्रत्येक दळणात कणी येते. जाळी परत बसवल्यावर मूठभर कोरडे तांदूळ दळून काढा, उरलेला चिकटा निघून जातो.

तेलकट जिन्नस यात चालत नाहीत. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, कारळं यांचा दळताना लगदा होतो आणि जाळी कायमची तेलकट होते. म्हणून गोडा मसाला मिक्सरवरच. अनारशाचे तांदूळही मिक्सरवर, कारण ते भिजवून निथळून ओलसर असतानाच दळायचे असतात. मोदकाची पिठी मात्र उत्तम होते. आंबेमोहोर धुऊन सुती कापडावर सावलीत पूर्ण वाळवा, शून्य क्रमांकाची जाळी लावा, दळल्यावर एकदा चाळा. २०२० साली २२ ऑगस्टला गणपती आले, आणि ज्या घरांत हे यंत्र होतं त्यांना पिठीसाठी बाजारात जावं लागलं नाही. हळकुंडं अख्खी कधी टाकू नका. आधी खलबत्त्यात वाटाण्याएवढी फोडून घ्या. खरं तर हळद-मिरची यंत्राबाहेरच ठेवलेली बरी: फिल्टरच्या कापडात शिरलेला मिरचीचा खाट दोन धुण्यांतही जात नाही. हरभरा, मका असे मोठे कडक दाणे एका दमात बारीक जाळीवर घालू नका. पहिल्यांदा मोठ्या जाळीवर भरडून घ्या, मग शून्यावर. वेळ तेवढाच लागतो आणि मोटर तापत नाही. हरभरा डाळीला आधी तासभर ऊन दाखवलं तर बेसन जाळीला धरत नाही.

थालीपिठाच्या भाजणीसाठी घरघंटी अगदी योग्य आहे. ज्वारी दोन वाट्या, बाजरी दोन, तांदूळ एक, गहू एक, हरभरा डाळ एक, उडीद डाळ अर्धी, धणे अर्धी वाटी, जिरे पाव. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा आणि सगळं पूर्ण गार करायचं. गार होण्याआधी दळायची घाई केली तर वाफ फिल्टरमध्ये अडकते आणि कापड ओलं होतं, मग वर लिहिलेलं सगळं रामायण घडतं. भाजणी शून्यावर न दळता त्याच्या वरच्या जाळीवर दळा. थालीपीठ खमंग आणि खुसखुशीत होतं, चिकट होत नाही.

एका दिवशी चार पिठं काढायची असतील तर क्रम पाळा. आधी तांदूळ, मग गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, त्यानंतर डाळी, शेवटी भाजणी आणि मेतकूट. पांढऱ्याकडून गडदकडे, बिनवासाच्याकडून वासाच्याकडे. कक्षात आणि नळीत दर वेळी मूठभर पीठ उरतंच, ते पुढच्या दळणात मिसळतं. उपवासाची वरई किंवा राजगिरा दळायचा असेल तर आधी ब्रशने कक्ष झाडा, त्याच धान्याची मूठ दळून ती बाजूला काढा, मग खरं दळण घाला. पण घरात कुणाला वैद्यकीय कारणाने गहू पूर्ण वर्ज्य असेल तर एवढ्यावर विसंबू नका. त्या यंत्रात गहू कधीच घालायचा नाही, हाच नियम. कोपऱ्यातलं पीठ शंभर टक्के निघत नाही.

जागेचा विचार विकत घ्यायच्या आधी करा. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये हे कपाट बहुधा ड्राय बाल्कनीत जातं, वॉशिंग मशीनशेजारी. तिथे दोन अडचणी येतात. पावसाची झड आत आली तर खालची लॅमिनेटची कड फुगते, म्हणून चाकांखाली फळी घालून ते उंचावर ठेवा आणि मागच्या बाजूला भिंतीपासून वीतभर जागा सोडा. दुसरी अडचण विजेची. याला सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला प्लग लागतो. मिक्सरचा छोटा प्लग किंवा लांबलचक एक्स्टेंशन वायर लावली तर विजेचा दाब (व्होल्टेज) कमी होतो, मोटर नुसती घुर्रर करते, फिरत नाही, आणि काही सेकंदांत ओव्हरलोडचं लाल बटण उडतं. बटण उडालं की लगेच दाबू नका. टाकीची पट्टी बंद करा, कक्षात अडकलेले दाणे काढा, पंधरा मिनिटं थांबा, मग बटण दाबून यंत्र रिकामं सुरू करा. पुरेसा दाब असूनही मोटर घुरघुरतच राहिली तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो बदलायला कंपनीच्या माणसाचीच गरज नाही, मोटरचं काम जाणणारा कोणताही इलेक्ट्रिशियन तो बदलतो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते त्या भागात दळण मध्येच अडकलं तर वीज येण्याआधी पट्टी बंद करून कक्ष मोकळा करा. भरलेल्या कक्षावर मोटर सुरू झाली की तिच्यावर सगळ्यात जास्त ताण येतो.

आवाज मिक्सरइतका टिपेचा नसतो, पण खोल घुमतो आणि वीस-पंचवीस मिनिटं चालतो. घरून काम करणाऱ्यांच्या मीटिंगा, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि खालच्या मजल्यावरची दुपारची झोप, यातून वेळ शोधावी लागते. सकाळी दहाच्या सुमारास, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना उरकलेलं बरं. चाकांचे ब्रेक लावा, खाली जाड रबरी चटई घाला. निम्मी तक्रार आवाजाची नसून फरशीतून खाली जाणाऱ्या थरथरीची असते.

सफाई कंटाळवाणी आहे आणि तिथेच बहुतेक यंत्रं मरतात. प्रत्येक दळणानंतर दार उघडून कक्ष, जाळी आणि नळी ब्रशने झाडायची, तीन मिनिटांचं काम. ते टाळलं तर पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांत कोपऱ्यातल्या पिठाला जाळं धरतं, अळ्या होतात, पोरकिडे येतात, आणि ते नव्या दळणात जातात. आठवड्याला फिल्टरचं कापड उलटं करून झटका, महिन्याला साध्या साबणाने धुवा आणि इस्त्री फिरवण्याइतकं कोरडं झाल्यावरच बसवा. कक्षात ओलं फडकं कधीच नको. टाळेबंदीत सोसायट्या बाहेरच्या माणसाला आत सोडत नव्हत्या, दुरुस्तीवाला आठवडे-आठवडे येत नव्हता. तेव्हा ज्यांच्याकडे एक जादा शून्य क्रमांकाची जाळी आणि एक जादा फिल्टर होतं त्यांचं अडलं नाही. यंत्र घेतानाच या दोन वस्तू मागून घ्या. शून्याची जाळी सर्वांत पातळ, तीच आधी फाटते, आणि फाटण्याचं कारण जवळपास नेहमी खडा किंवा पोत्याच्या टाक्याची तार असते. टाकीच्या तोंडाशी लोहचुंबक असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, पण खडा चुंबकाला लागत नाही. मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून आणलेलं मशीन-क्लीन धान्य असलं तरी एकदा परातीत निवडाच.

त्या काळात घेतलेली बरीच यंत्रं आता घरात पडून आहेत आणि विकायला निघतात. जुनी घरघंटी चांगली निघू शकते, कारण मोटर सहसा टिकाऊ असते. बघायला जाताना पाव किलो तांदूळ बरोबर न्या. आधी ती रिकामी चालवून दोन मिनिटं ऐका. एकसारखा आवाज हवा, खरखर किंवा ठोके आले तर बेअरिंग गेलेलं आहे. चालू असताना दार किंचित उघडा, मोटर तत्काळ बंद झाली पाहिजे. नाही झाली तर घेऊ नका, फिरत्या पात्यांपाशी हात जायचा तो याच दोषामुळे. मग सगळ्या जाळ्या एकेक करून खिडकीच्या उजेडासमोर धरा. छिद्रं सारखी दिसली पाहिजेत. कुठे एखादा मोठा ठिपका उजळला तर तिथे जाळी फाटली आहे, तेवढे पैसे कमी करून मागा. शेवटी तांदूळ दळा, पीठ चाळणीत घ्या आणि वर किती कणी उरते ते बघा. चिमूटभर उरली तर यंत्र ठीक आहे. मूठभर उरली तर जाळी तिच्या खाचेत नीट बसत नाही आणि फटीतून कणी सुटते. त्या खाचेची कड झिजली आहे का ते बोट फिरवून तपासा, कारण जाळी नवी घेता येते, खाच बदलता येत नाही.